चिमणी विझल्यानंतर

नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने सावळघाट ओलांडून, करंजाळी मागे टाकून आणि कोटंबीचा घाट पार करून आषाढ-श्रावणात जो प्रवासी पेठेस पोहोचतो, त्यास ह्या तालुक्याचे जे रूप दिसते, ते त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला-नांदगावच्या माणसास परमुलखासारखे वाटावे. तिकडे ढगांकडे डोळे लावून बसावे लागते. इकडे दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही, भाताची आणि नागलीची आवणी भर पावसात चाललेली असते, आणि उतारावर विखुरलेल्या पाड्यांतील घरांच्या छपरांतून निळसर धूर, बाहेर पडावे की न पडावे अशा विचारात असल्याप्रमाणे, हळूहळू झिरपत असतो. ह्या घरांस धुराडे नसते. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींच्या आत जी चूल पेटते तिचा धूर प्रथम माणसांच्या डोळ्यांत आणि छातीत शिरतो, मग आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांवरून फिरतो, आणि सरतेशेवटी कौलांच्या किंवा गवताच्या फटींतून वाट काढतो.

अशा घरात उजेड, ऊब आणि शिजवण ही तीन कामे विस्तवावाचून होत नसत, आणि तिन्हींत थोडाथोडा वाटा रॉकेलचा असे. इमारतींमध्ये जाळले जाणारे धुरकट तेल कसे हद्दपार करावे, हा प्रश्न आज युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या नगरांपुढे आहे. तो वाचताना मला प्रत्येक वेळी पेठेतील ही घरे आठवतात. तिकडे तळघरातील अजस्र भट्टी आणि इकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत वात सारून केलेली चिमणी, ह्यांत आकाराचे अंतर कितीही असले तरी मूळ गोष्ट एकच: जमिनीखालून काढलेले खनिज तेल माणूस आपल्या राहत्या घरात जाळतो, आणि त्याची काजळी आपण व आपली मुले श्वासावाटे छातीत घेतो.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील हिवाळा कडक असल्यामुळे प्रत्येक जुन्या इमारतीच्या तळघरात पाणी तापवून ऊब पुरविणारी भट्टी असे, आणि हजारो इमारतींच्या भट्ट्यांत 'सहा नंबरचे' म्हणून ओळखले जाणारे तेल जळत असे. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके हलके अंश उकळून काढून घेतल्यावर तळाशी जो दाट, डांबरासारखा, गंधकयुक्त गाळ उरतो, तेच हे तेल. थंडीत ते इतके घट्ट होते की जाळण्यापूर्वी त्यालाच आधी तापवावे लागते. शहरातील एकूण इमारतींपैकी शेकडा एकाच्या आसपास इमारती असली जड तेले जाळीत, आणि तेवढ्यांची काजळी शहरातील सगळ्या मोटारी आणि मालमोटारी मिळून जेवढी ओकीत त्याहून अधिक भरे. महापालिकेने २०११ साली नियम करून २०१५ च्या मध्यापर्यंत हे तेल बंद करण्याची मुदत दिली आणि ती पाळली गेली. त्याच्या खालोखाल वाईट असलेल्या 'चार नंबरच्या' तेलास आरंभी २०३० पर्यंत अवधी होता, तो पुढे कमी करून २०२७ करण्यात आला. नॉर्वेने तर १ जानेवारी २०२० पासून इमारती तापविण्यासाठी खनिज तेल जाळण्यास देशभर बंदी केली, आणि त्या बंदीत आपले रॉकेलही येते. ह्या दोन्ही ठिकाणच्या हकीकतीत एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, व त्याच्यासाठीच मी त्या येथे सांगितल्या: हुकूम निघण्यापूर्वी किंवा हुकुमाबरोबरच पर्याय घरापर्यंत पोहोचलेला होता. न्यूयॉर्कमध्ये नळाने येणारा वायू आणि हलके तेल उपलब्ध होते. नॉर्वेत धबधब्यांपासूनची मुबलक वीज होती, आणि जुनी भट्टी काढून टाकणाऱ्या कुटुंबास सरकारी अनुदान मिळत होते.

आता आपल्या रॉकेलकडे वळू. अब्राहम गेस्नर ह्या कॅनडातील भूशास्त्रज्ञाने १८४६ च्या सुमारास खनिजापासून काढलेले दिव्याचे तेल लोकांस दाखविले आणि मेणाच्या ग्रीक नावावरून त्यास 'केरोसीन' म्हटले. १८५९ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हानियात ड्रेकने तेलाची विहीर खणली, आणि मग हे तेल जगभर स्वस्त झाले. 'रॉक ऑइल' ह्या इंग्रजी शब्दाचे आपल्याकडे रॉकेल झाले आणि 'गॅसलाइट'चे घासलेट; परक्या वस्तूस असे घरगुती नाव मिळते तेव्हा ती वस्तू स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली असे समजावे. १९२८ साली स्थापन झालेल्या बर्मा-शेल कंपनीचे चौकोनी पत्र्याचे डबे बैलगाड्यांतून खेडोपाडी गेले, आणि त्यांतील तेल संपल्यावरही ते डबे घरातच राहिले: कोणी त्यात धान्य भरले, कोणी वरच्या कडेला आडवी काठी ठोकून पाणी आणले, कोणी तोच तीन दगडांवर ठेवून आंघोळीचे पाणी तापविले. औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस उभ्या राहिलेल्या ओगले काच कारखान्याने आपला 'प्रभाकर' कंदील काढला तेव्हा मराठी माणसास परदेशी कंदिलाची गरज उरली नाही. त्या कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्रातील एका पिढीने परीक्षांचा अभ्यास केला आहे.

पेठ तालुक्यात मात्र कंदील सर्वांच्या घरी नव्हता. हा मुलूख १८७८ पर्यंत एक लहानसे संस्थान होता. ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात सामील झाल्यावरही कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाच्या ह्या वस्तीकडे सोयी फार मंद पावलांनी आल्या. कंदिलाची काच महाग, ती फुटली की नाशिकच्या किंवा पेठेच्या बाजाराची वाट धरावी लागे. म्हणून बहुतेक घरांत असे ती चिमणी: लहान बाटली किंवा पत्र्याची डबी, तिच्या झाकणाला भोक, त्यात चिंधीची वात. आणि ह्या चिमणीविषयी जे शास्त्र सांगते ते फारच विलक्षण आहे.

कोणत्याही वातीच्या ज्योतीचा पिवळा उजेड ज्या कणांपासून येतो ते कण म्हणजेच काजळी. वातीतून वर चढलेले तेल उष्णतेने वायुरूप होते. त्यास ज्योतीच्या पोटात पुरेसा प्राणवायू मिळत नाही, म्हणून त्यातील कार्बनचे सूक्ष्म कण सुटे होतात, तापून तांबड्या-पिवळ्या तेजाने झळकतात, आणि ज्योतीच्या कडेशी हवा मिळाली तर जळून जातात. मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली त्यांत हे सारे सोप्या प्रयोगांनी उलगडून दाखविले होते. कंदिलाची काच ज्योतीभोवती हवेचा ओढा निर्माण करते, त्यामुळे कडेशी पुरेशी हवा पोहोचून बरेचसे कण जळतात. प्रायमस जातीच्या स्टोव्हमध्ये तेल आधी तापलेल्या नळीत वायुरूप होऊन हवेत मिसळते, म्हणून त्याची ज्योत निळी असते. चिमणीला काचही नाही आणि नळीही नाही. तिचे उजळणे आणि काजळणे एकाच क्रियेची दोन अंगे होत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की अशा उघड्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या तेलाचा शेकडा सात ते नऊ इतका भाग जवळजवळ शुद्ध काजळी होऊन बाहेर पडतो. तोपर्यंत शास्त्रज्ञ जे प्रमाण गृहीत धरीत होते त्याच्या मानाने हे कित्येक पटींनी अधिक होते. एक लिटर रॉकेलचे वजन आठशे ग्रॅमच्या आसपास असते; म्हणजे एक लिटर तेल चिमणीतून जळले की साठ ग्रॅमांच्या आगेमागे काजळी त्या एका खोलीत पसरते. सकाळी मुलाच्या नाकपुड्यांत जी काळी रेघ दिसे तिचा उगम हा असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरगुती इंधन म्हणून रॉकेल वापरण्यास परावृत्त करावे असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय भाजण्याचे, घर जळण्याचे आणि लहान मुलांनी पाणी समजून ते पिण्याचे धोके वेगळेच. 'स्टोव्हचा भडका उडून' हे शब्द गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रांत किती सुनांच्या मृत्यूंसोबत छापले गेले, आणि त्यांतील कितींचा भडका स्टोव्हचा नव्हता, हे आठवले की ह्या तेलाविषयी हळहळण्याचे काही कारण उरत नाही.

तरी ते गेले कसे, हे नीट पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर रॉकेल हे गरिबाचे इंधन ठरले आणि सरकारने ते शिधापत्रिकेवर स्वस्त दराने देण्यास आरंभ केला. नियतन, घाऊक परवानाधारक, किरकोळ विक्रेता, शिध्याचे दुकान, तहसील कचेरीतील पुरवठा शाखा, असा एक सबंध कारभार त्याभोवती उभा राहिला. महाराष्ट्रात १९९९ पासून पत्रिकांना पिवळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग आले, आणि ज्याच्या घरी गॅस त्याच्या पत्रिकेवर शिक्का. रेशनचे तेल ओळखता यावे म्हणून त्यास निळा रंग दिला जात असे. पण स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल ह्यांच्या दरांत जी दरी होती ती कोणत्याही रंगाने बुजण्यासारखी नव्हती. रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळते. ज्या टँकरने ते गरिबाच्या घरी जायचे तो टँकर वाटेतच कोणाच्या तरी हौदात रिकामा होई, आणि २००५ साली झालेल्या एका देशव्यापी पाहणीत शिध्याच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग असा परस्पर गडप होत असल्याचे आढळले.

ह्या चोरीची किंमत नाशिक जिल्ह्याने रक्ताने मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडण्यास गेले असता त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरचे सरकारी कर्मचारी ह्या घटनेच्या निषेधार्थ कामावरून बाहेर पडले, तेलमाफियांवर छापे घालण्यात आले, आणि ज्या अनुदानाने गरिबाची चिमणी पेटायची तेच अनुदान किती भयंकर शक्तींना पोसते आहे, हे प्रथमच सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पेठच्या पाड्यावर दोन-तीन लिटर निळे तेल मिळावे म्हणून दिवसभर रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा आणि मनमाडच्या त्या आगीचा संबंध जोडणे कोणास ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. मला तो सरळ आणि अटळ वाटतो.

त्यानंतरची पावले भराभर पडली. दिल्ली शहर २०१४ साली रॉकेलमुक्त म्हणून जाहीर झाले. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे अनामत रक्कम न घेता गॅसची जोडणी मिळू लागली. त्याच वर्षीच्या जुलैपासून शिध्याच्या रॉकेलचा दर पंचवीस-पंचवीस पैशांनी वर चढविण्यास सुरुवात झाली, आणि राज्यांचे नियतन वर्षानुवर्षे छाटले जाऊ लागले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी उज्ज्वलेची आठ कोटीवी जोडणी आपल्याच औरंगाबादेस पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. २०२१-२२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात रॉकेलच्या अनुदानासाठी तरतूदच उरली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शेकडा एकतीस घरांत रात्रीचा उजेड रॉकेलचा होता. पुढच्या दहा वर्षांत तो जवळजवळ नाहीसा व्हावा, ही गोष्ट सामान्य नव्हे, आणि तिचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु रॉकेल पेठच्या घरात एकच काम करीत नव्हते. उजेडाचे काम विजेने घेतले, आणि उत्तम घेतले. तारा पाड्यांवर पोहोचल्या, आणि पावसाळ्यात वीज तासन् तास गेली तरी बॅटरीचा दिवा आता प्रत्येक घरी आहे. चिमणी पुन्हा पेटविण्याची वेळ क्वचित येते. राहिले दुसरे काम, जे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही: ओले सरपण पेटविणे. ह्या तालुक्यात जून ते सप्टेंबर कोरडे लाकूड म्हणून वस्तू नसते. उन्हाळ्यात डोक्यावर मोळ्या वाहून पडवीत रचलेली लाकडे श्रावणापर्यंत दमट होतात, चूल धुमसत राहते, आणि पहाटे आवणीला जाण्यापूर्वी भाकरी थापायची असते. अशा वेळी शेणीच्या तुकड्यावर शिंपडलेले वाटीभर रॉकेल हा त्या बाईचा अर्धा तास आणि तिचे डोळे वाचविणारा मित्र होता. आता ती प्लॅस्टिकची पिशवी, रबराचा तुकडा, जुन्या टायरची पट्टी असे काहीही पेटवण म्हणून वापरते, आणि त्याचा धूर रॉकेलच्या धुराहून अधिक विषारी असतो. तेलाचे नियतन छाटताना ह्या वाटीभर तेलाचा विचार कोणी केला नाही.

आणि मग ती चूल. गॅसची टाकी घरात आली म्हणजे चूल गेली, हा समज शहरातला आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा अठ्ठावन्नच्या आसपास कुटुंबेच स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरीत असल्याचे दिसले, आणि उज्ज्वलेचे कुटुंब वर्षाकाठी सरासरीने चारच्या आसपासच टाक्या भरून घेते. दोन वेळचे जेवण केवळ गॅसवर शिजवावयाचे तर चारांत वर्ष निघत नाही. किंमत हे त्याचे पहिले कारण: २०२३ च्या मार्चमध्ये घरगुती टाकी अकराशे रुपयांच्या घरात गेली होती, आणि मजुरीसाठी नाशिकच्या द्राक्षबागांत उतरणाऱ्या कुटुंबाजवळ एकरकमी एवढे पैसे असावयाचे ते फक्त हंगामात. दुसरे कारण पाय आणि पाठ: चौदा किलो दोनशे ग्रॅम वायू धरणारी टाकी भरल्यावर तीस किलोच्या आसपास भरते, आणि ती रस्त्यापासून ओहोळ ओलांडून पाड्यावर न्यावयाची असते. तिसरे कारण चुलीच्या स्वभावात आहे. चूल केवळ शिजवीत नाही. ती ओले कपडे वाळविते, मागच्या वैलावर आंघोळीचे पाणी तापविते, म्हाताऱ्या माणसांना पौषाच्या थंडीत शेक देते, आणि आढ्याला टांगलेल्या बियाण्यास कीड लागू देत नाही. ही सारी कामे गॅसची शेगडी करीत नाही. ज्या अर्थाने न्यूयॉर्कच्या तळघरातील भट्टी ही इमारतीची ऊब होती, त्याच अर्थाने पेठच्या घराची ऊब ही चूल आहे.

घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे बत्तीस लाख माणसे अकाली मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ह्या अरिष्टावर उपाय शोधण्याचा वारसा महाराष्ट्राजवळ आधीपासून आहे, आणि तो आपण विसरलो. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ह्यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघाने परदेशी रॉकेलऐवजी अखाद्य वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' बनविला होता, आणि धूर बाहेर नेणारी 'मगन चूल'ही तेथेच आकारास आली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी ह्यांनी अगोदर अधिक प्रकाश देणारा 'नूरी' कंदील आणि पुढे उजेड व शिजवण ही दोन्ही कामे एकाच ज्योतीवर करणारा 'लॅनस्टोव्ह' तयार केला. रॉकेल वाईट नसून ते वाईट रीतीने जाळले जाते, ही त्यांची भूमिका सर्वांस पटली नाही, तरी ती विचारपूर्वक मांडलेली होती. पुण्यात आनंद कर्वे ह्यांच्या संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षे काम केले. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये गुंडाळला गेला. त्यातील चुली पुष्कळ ठिकाणी बसविल्या गेल्या आणि पुष्कळ ठिकाणी मोडल्या, कारण चुलीच्या तोंडापेक्षा मोठे लाकूड त्यात मावत नसे आणि बाईस ते फोडावयास वेळ नसे. हा धडा लहान नाही. घरात काय जळावे हे ठरविताना प्रथम त्या घरातील स्त्रीस विचारावे लागते, आणि तेच बहुधा राहून जाते.

माझ्या मते रॉकेल घालविण्याचा निर्णय योग्य होता आणि तो परत फिरविण्याचा विचारही कोणी करू नये. पण तो अर्ध्यावर थांबला आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेखाली उज्ज्वलेच्या कुटुंबांस वर्षाला तीन टाक्या मोफत भरून देण्याचे ठरविले. ही तरतूद पेठसारख्या तालुक्यात खऱ्या अर्थाने फलदायी व्हावयाची असेल तर त्या टाक्या केव्हा पोहोचतात ह्यास त्या किती पोहोचतात इतकेच महत्त्व आहे. उन्हाळ्यात, जेव्हा सरपण कोरडे आणि हात रिकामे असतात, तेव्हा आलेली टाकी सणावारी चहा करण्यापुरती ठेवली जाते. ज्येष्ठाच्या आरंभी, आवणीपूर्वी आलेली टाकी ऐन पावसात घरातील ओल्या लाकडाचा धूर टाळते. उज्ज्वलेत पाच किलोची लहान टाकीही घेता येते, आणि ती एका बाईस कमरेवर धरून पाड्यावर नेता येते. आंघोळीच्या पाण्यासाठी आणि शेकासाठी, जोवर दुसरे काही नाही तोवर, धुराडे असलेली चूल हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि ती घडविण्यास मातीशिवाय फारसे काही लागत नाही.

म्हणून पेठच्या तहसील कचेरीतील पुरवठा शाखेस, गॅसच्या वितरकांस आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ह्या योजनांची आकडेवारी मांडणाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे: यंदा पहिल्या पावसाआधी पाड्यांवर टाक्या पोहोचवा, लहान टाकीची सोय करंजाळीपर्यंत आणि पुढे आणा, आणि आषाढातल्या एखाद्या पहाटे, भाकरी थापण्याच्या वेळी, अशा एका घरात थोडा वेळ उभे राहून पाहा.